स्कार्वॉयवरची खोटी बाळंतपणं

स्कार्वॉय, ९ सप्टेंबर २०११

प्रिय ऑशिल,

तुझी लेक तोरुन सुखरूप पोचली. समुद्र खवळलेला होता, पण तिला बोट लागली नाही, म्हणजे आपल्याकडचं रक्त अंगात आहे म्हणायचं. माझ्या माडीवरच्या खोलीत तिची सोय केली आहे. पहिल्या दिवशी मासळीचं सूप दोन वाट्या प्यायली आणि म्हणाली, "मावशी, आई असं करत नाही." मी म्हटलं, तुझ्या आईला शहरात ताजा मासा कुठला मिळायला. एवढं बोलून मी खूश झाले. त्यानंतर खूश होण्यासारखं काही घडलेलं नाही.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून सविस्तर लिहिते. तोरुनबरोबर दोन माणसं आली आहेत आणि शवपेटीएवढी एक पेटी. पेटीत बाई आहे. रबराची. तिला कळा येतात, ती कण्हते, तिच्या पोटातून रबराचं बाळ बाहेर येतं, आणि तोरुनच्या हातातल्या पाटीवर बोट टेकवलं की तिच्या अंगावरून लाल पाणी जायला लागतं. आम्ही तिला वाचवायचं. त्यानंतर सगळ्यांनी गोल बसायचं आणि कोण काय चुकलं, कोणाला काय वाटलं, ते बोलायचं. माझ्या हातून या बेटावरची निम्मी माणसं जन्माला आली, ऑशिल. आता मला रबराच्या बाईची विचारपूस करायला शिकवतात.

तेही चाललं असतं. पण खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी कॅमेरा लावला आहे. मी विचारलं, हे कशाला? तर तोरुन म्हणाली, आपलं आपल्याला बघता यावं म्हणून. तिथं बघणारं आणखी कोण आहे, ते तिनं सांगितलं नाही. इथलं प्रसूतिगृह बंद करून बायकांना पलीकडे मुख्य भूमीवर पाठवायचं, हे वरच्या लोकांच्या मनात दोन वर्षांपासून आहे, हे तुलाही माहीत आहे. आजवर त्यांना कारण सापडत नव्हतं. आता कॅमेऱ्यात एक म्हातारी सुईण चुकताना दिसली की झालं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.  तोरुननं टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. ती घडी बघून मला जास्त भीती वाटली.

तू आई आहेस तिची. खरं सांग, तिला इथं कशासाठी पाठवलं आहे?

तुझी,
योरिद


बर्गन, १६ सप्टेंबर

प्रिय योरिद,

पत्र मिळालं. तोरुनला तू घरी ठेवून घेतलंस, बरं वाटलं. तिला सकाळी उठल्याबरोबर कोणी बोललेलं आवडत नाही, एवढं सांभाळ.

कामाचं ती माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर झाल्यापासून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. मला ठाऊक आहे ते इतकंच की ती अशा सरावांसाठी सगळ्या किनाऱ्यावर फिरते, आणि स्कार्वॉयचं नाव यादीत आलं तेव्हा ते तिनंच मागून घेतलं. तिला बेट बघायचं होतं असं म्हणाली. जन्म झाला त्या गावात माणसाला जावंसं वाटतंच.

टॉवेल पुन्हा टाकू नकोस. झाकलं की लोकांना वाटतं, झाकण्यासारखं काही आहे.

इथं पाऊस आहे. माझ्या बागेतली सफरचंदं यंदा झाडावरच सडली. तुझ्या गुडघ्याचं काय?

तुझी,
ऑशिल


स्कार्वॉय, ३० सप्टेंबर

ऑशिल,

माझा गुडघा ठीक आहे. गुडघ्याचं विचारायला तू मोठी हुशार आहेस.

तोरुनची माणसं या आठवड्यात परत आली. या वेळी नवं नाटक होतं. रबराची बाई नाही. या खेपेला आमच्यातल्याच एका परिचारिकेच्या पोटावर पट्ट्यांनी खोटं पोट बांधलं आणि तिला खाटेवर निजवलं. त्या पोटात बाळ, वार, लाल पाण्याची पिशवी, सगळं. सुईण म्हणून आमची स्युन्ने होती. तिच्याबद्दल मी तुला लिहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी आली, हाताची चांगली आहे पण घाबरट. बाळ बाहेर आलं आणि तोरुननं सांगितलं, बाळ श्वास घेत नाही. स्युन्ने बाळाकडे वळली. तिकडे खाटेवरची बाई म्हणाली, "मला थंडी वाजतेय." स्युन्नेनं तिच्यावर पांघरूण टाकलं. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "थंडी वाजतेय." स्युन्नेनं बाळाला मास्कनं हवा देत देत मान हलवली. बाळ रडलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मग तोरुननं पांघरूण उचललं. खाली गादी लाल झाली होती.

स्युन्ने तिथंच रडायला लागली.

आता तू आठव. मार्चमध्ये मी तुला काय लिहिलं होतं? त्या मासेवाल्या कुटुंबातल्या पोरीचं बाळंतपण स्युन्नेनं केलं. बाळ अडकलं होतं म्हणून सगळं लक्ष तिकडे, आणि पोरीच्या अंगावरून जातंय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मी पोचले, पोट चोळलं, सुई दिली, निभावलं. पोरगी चार दिवसांत घरी गेली. डॉक्टर हाल्वारला मी म्हटलं की मी सुरुवातीपासून खोलीत होते. कारण स्युन्नेचं नाव पुढे आलं असतं तर तिनं हे काम सोडलं असतं, आणि मग आमच्याकडे सुईण उरली असती मी एकटी. हे सगळं मी जगात एकाच माणसाला कळवलं. तुला.

आणि आता तुझी मुलगी तेच नाटक बसवते, स्युन्नेलाच त्यात उभी करते, तेही कॅमेऱ्यापुढे.

स्युन्नेला वाटतं मीच सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत ती मला म्हणाली, "तुम्ही मला वाचवलंत ते कशासाठी होतं, ते आज कळलं." सांगणारी तू होतीस हे मी तिला कसं सांगू?

तू तोरुनला सांगितलंस का? हो की नाही, एवढंच लिही.

योरिद


बर्गन, ५ ऑक्टोबर

योरिद,

नाही.

तुझी पत्रं मी कोणाला दाखवत नाही. मार्चमधलं तर वाचून झाल्यावर चुलीत घातलं, कारण त्यात तू हाल्वारशी खोटं बोलल्याचं होतं.

ते नाटक तुमच्या मार्चमधल्या प्रसंगावरून केलेलं नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही, पण स्युन्नेला सांग की तिच्याबद्दल कोणालाही काही माहीत नाही.

ऑशिल


स्कार्वॉय, १३ ऑक्टोबर

ऑशिल,

"याहून जास्त लिहिता येत नाही." असं लिहिणाऱ्या माणसाला माहीत सगळं असतं.

मी तोरुनला समोरासमोर विचारलं. ती स्वयंपाकघरात पावावर चीज लावत होती. मी म्हटलं, हे थंडीचं नाटक तुला कोणी दिलं? तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मावशी, हे मी सहा वर्षं सगळ्या किनाऱ्यावर करते आहे. स्युन्नेचं मला काही ठाऊक नव्हतं, आता तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं की काहीतरी आहे." म्हणजे उलट मीच स्युन्नेला उघडं पाडलं. मग मी म्हटलं, तर मग ही कल्पना आली कुठून? तिनं पावाची ताटली बाजूला सारली. म्हणाली, "आईला विचारा. ते सांगायचा हक्क तिचा आहे."

त्याच दुपारी ती सामान घेऊन धक्क्यावरच्या खानावळीत राहायला गेली. पेटीतल्या बाईला उचलताना बोटवाल्या लोकांनी तिला मदत केली आणि वर चेष्टाही केली. सगळं गाव बघत होतं. आता गावात बोललं जातंय की योरिदनं भाचीला घराबाहेर काढलं. बोलू दे.

स्युन्नेनं पलीकडच्या इस्पितळात अर्ज केला आहे.

तू पस्तीस वर्षांपूर्वी बाळ कडेवर घेऊन हे बेट सोडलंस आणि पुन्हा इथं एक रात्रसुद्धा राहिली नाहीस. माझ्या आईच्या, तुझ्या सख्ख्या मावशीच्या, अंत्ययात्रेला आलीस तर शेवटच्या बाकावर बसलीस आणि कॉफीलाही न थांबता परतीची बोट धरलीस. मी नेहमी म्हणत आले की शहरी नवरा केला, आता तिला आमच्या अंगाला मासळीचा वास येतो. तुझ्याबद्दल दुसरं कारण मी कधी शोधलं नाही. आता शोधते आहे. तू मला काय सांगत नाहीस?

योरिद


बर्गन, २१ ऑक्टोबर

प्रिय योरिद,

हे पत्र तीनदा सुरू केलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तोरुनचा जन्म झाला तेव्हा तू इथं बर्गनमध्ये सुईणीचं शिक्षण घेत होतीस. बेटावर सुईण होती ती तुझी आई. गुदवेगमावशीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून आपलं बाळंतपण व्हावं असं माझ्या मनातही आलं नसतं. मे महिना होता, प्रसूतिगृहातल्या त्या खोलीच्या खिडकीतून इतका उजेड येत होता की मी डोळ्यांवर हात धरला होता. माझा नवरा आर्व्हे खाली होता. मावशीची मदतनीस पेत्रा दाराबाहेर खुर्चीवर बसली होती. खोलीत मावशी आणि मी.

तोरुन निळी जन्मली. रडली नाही. मावशीनं तिला खिडकीपाशी टेबलावर नेलं आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागली. मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती एक शब्द बोलत नव्हती. मी विचारलं, जिवंत आहे का? ती बोलली नाही. मग मला थंडी वाजायला लागली. मी तसं म्हटलं. तिनं वळूनही न बघता खुर्चीवरची लोकरीची घोंगडी एका हातानं माझ्यावर टाकली आणि पुन्हा टेबलाकडे गेली. मी परत म्हटलं. ती म्हणाली, "बाळंतिणीला थंडी वाजतेच." मला तिचा राग आला नाही. मला वाटलं, वाजत असेल.

तोरुन रडली ते मी फार लांबून ऐकलं, जणू कोणी खाली धक्क्यावर रडतंय. मावशी हसत हसत तिला घेऊन आली. माझ्या छातीवर ठेवायला म्हणून तिनं घोंगडी उचलली. योरिद, मला तिचा चेहरा आठवतो, पुढचं काही आठवत नाही. मला बोटीतून पलीकडे नेलं. जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. मला दुसरं मूल का झालं नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल आम्हा शहरी लोकांना एकच पुरतं.

चार-पाच दिवसांनी मावशी इस्पितळात आली. अंगातला कोटही न काढता बसली. म्हणाली, "मी तुझं बाळ वाचवत होते." मी म्हटलं, मला माहीत आहे. मग म्हणाली, "योरिदला सांगू नकोस. तिला माझ्यासारखं व्हायचंय."

मी शब्द दिला. माझं मूल तिनं हातांनी परत आणलं होतं, तिला मी नाही कशी म्हणणार? पण त्या खोलीवरून जाण्याची ताकद माझ्यात राहिली नाही, आणि तुझ्यासमोर बसून तिच्याबद्दल गोड बोलायचीही राहिली नाही. म्हणून कॉफीला थांबले नाही.

तोरुन मोठी झाल्यावर तिनं विचारलं, मी एकटीच का? तेव्हा सांगितलं. नाव सांगितलं नव्हतं. पण बेटावर सुईण एकच होती आणि माझी मुलगी दुधखुळी नाही. तिनं हे काम का धरलं ते आता तुला कळलं असेल. ती म्हणते, एक सुईण दोन जीव एकाच वेळी बघू शकत नाही, यात तिचा दोष नाही; दाराबाहेर एक बाई बसली होती आणि तिला हाक मारली गेली नाही, तेवढंच बदलता येण्यासारखं आहे.

शब्द मोडला. मावशी गेली आहे, आणि स्युन्ने जिवंत आहे आणि रडते आहे. म्हणून मोडला.

ऑशिल


बर्गन, २७ नोव्हेंबर

योरिद,

माझं पत्र तुला मिळालं हे मला माहीत आहे, कारण तोरुननं सांगितलं की तुझ्या खिडकीत ते उघडं पडलेलं तिनं बघितलं. ती म्हणते तू कामावर येतेस, सराव करतेस आणि तिच्याशी फक्त औषधांची नावं बोलतेस.

शिव्या दे, पण लिही.

ऑशिल


स्कार्वॉय, ११ डिसेंबर

ऑशिल,

आधी मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते, दुसरं कशासाठी नाही. मला वाटलं, मुलीला वाचवायला तू मेलेल्या बाईवर दोष घालते आहेस. मेलेली बाई उलट बोलणार नाही. मग वाटलं, तोरुन इथं आली ती हिशेब चुकवायला. माझ्या आईचं नाव घेता येत नाही म्हणून माझं प्रसूतिगृह बंद पाडायला. ती बेट मागून आली असं तूच लिहिलं होतंस. रोज तिच्याकडे बघायचे आणि वाटायचं, हिच्या मनात काय आहे?

मग मी पेत्राकडे गेले. ती आता म्हाताऱ्यांच्या घरात असते. डोळे गेले आहेत, बाकी शाबूत आहे. मी नुसतं म्हटलं, ऑशिलचं बाळंतपण आठवतं का. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणाली, "मी बाहेर मोजे विणत होते. आत पावलांची धावपळ ऐकू येत होती. मी उठले, दाराला हातसुद्धा लावला. पण गुदवेगला न बोलावता कोणी आत आलेलं खपायचं नाही. म्हणून पुन्हा बसले." आणि मग म्हणाली, "मी इतकी वर्षं वाट बघत होते की कोणीतरी हे विचारायला येईल."

मी परत येताना रस्त्यात उभी राहिले. हाल्वारनं गाडी थांबवली आणि मला घरी सोडलं. त्यानं काही विचारलं नाही.

आता कॅमेऱ्याचं. मी तोरुनला विचारलं, खरं सांग, हे वर जातं का? ती म्हणाली, चित्रं जात नाहीत, ती आम्ही पुसतो. पण अहवाल जातो. त्यात तिनं लिहिलं आहे की इथली माणसं चांगली आहेत आणि एका वेळी एकच सुईण ठेवून हे प्रसूतिगृह चालवणं धोक्याचं आहे. मी म्हटलं, म्हणजे तू त्यांना बंद करायचं कारण दिलंस. ती म्हणाली, "मावशी, मी खोटं लिहू का?" मला चिडायचं होतं. माझा संशय खरा ठरला होता ना. पण चिडता आलं नाही. तिच्या जागी मी असते तर काय लिहिलं असतं, ते मला माहीत होतं.

गेल्या मंगळवारी शेवटचा सराव होता. खोटं पोट बांधून निजायला कोणी तयार होईना. मी म्हटलं, मी निजते. माझ्या वयाची बाळंतीण बघून सगळे हसले. सुईण स्युन्ने. तोरुननं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मावशी, दुसरा प्रसंग घेऊ या." मी म्हटलं, तोच घे.

खाटेवर पडून छत दिसतं, ऑशिल. इतक्या वर्षांत त्या छताला एवढा मोठा ओलीचा डाग आहे हे मला माहीत नव्हतं. बाळ आलं, स्युन्ने ते घेऊन टेबलाकडे वळली आणि मला तिची पाठ दिसली. नाटक आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी खाटेची कड धरली. मी म्हटलं, थंडी वाजतेय. आवाज माझा नव्हता.

स्युन्ने वळली नाही. तिचे हात बाळावर होते. पण ती मोठ्यानं म्हणाली, "योरिद, बाळाला हवा देते आहे, त्याची छाती हलते आहे. तुम्हाला थंडी वाजतेय हे ऐकलं." आणि मग दाराकडे तोंड करून इतक्या जोरात ओरडली की मी दचकले. "आत या, मला माणसं हवीत." दोघी धावत आल्या. एकीनं माझं पांघरूण भिरकावून दिलं.

मी रडले. सगळ्यांसमोर, रबराचं पोट बांधून. गोल बसल्यावर तोरुननं विचारलं, कोणाला काय वाटलं? मी त्यांना सांगितलं की हा प्रसंग कोणाचा आहे. तुझं नाव घेतलं आणि आईचंही घेतलं. तुला न विचारता घेतलं. तोरुन जमिनीकडे बघत होती. मार्चमध्ये मी हाल्वारशी खोटं बोलले तेही त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, त्याला तेव्हाच शंका आली होती, पण मला विचारायची भीती वाटली. मी म्हटलं, माझी? तर म्हणतो, सगळ्यांनाच वाटते.

माझ्या खोलीतही न बोलावता कोणी येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

स्युन्नेनं अर्ज मागे घेतलेला नाही. विचार करते म्हणाली. तोरुन पुन्हा माझ्याकडे राहायला आली आहे आणि सकाळी मी तिच्याशी बोलत नाही.

योरिद


स्कार्वॉय, २४ जानेवारी २०१२

प्रिय ऑशिल,

दोन बातम्या. वाईट आधी.

वरून पत्र आलं. उन्हाळ्यानंतर इथं बाळंतपणं होणार नाहीत. दर पाळीला दोन सुईणी ठेवायला पैसे नाहीत म्हणे. तपासण्या इथं, कळा सुरू झाल्या की बोट नाहीतर हेलिकॉप्टर. गावात मशाली घेऊन मोर्चा निघणार आहे. मीही जाणार आहे. तोरुननं फोन केला. मी तिला म्हटलं, तू खरं लिहिलंस आणि त्यांनी त्यातलं स्वस्त पडेल तेवढं उचललं. आता आमच्या बाया वादळात बोटीत बाळंत होतील, त्याचा सराव कोण घेणार? ती म्हणाली, मी घेईन. बोटीवर येऊन घेईन. तिला बोट लागत नाही, तेव्हा घेईलही.

दुसरी बातमी. शनिवारी दुपारी, शाळेतल्या बाईंच्या बाळाचे खांदे अडकले. खरंखुरं, रबराचं नाही. खोलीत मी एकटी. स्युन्ने सुट्टीवर. पहिल्या क्षणी मी नेहमीसारखी गप्प झाले आणि हात चालवू लागले. तोंड मिटलेलं, दात घट्ट. मग माझं मलाच ते कळलं. मी दाराकडे तोंड केलं आणि ओरडले.

साधंसुधं नाही, ऑशिल, अख्खी इमारत हलेल एवढं ओरडले. हाल्वार आला, परिचारिका आली, आणि स्वयंपाकघरातली बाई हाताला वॉफलचं पीठ लागलेलं तशीच आली. मी सगळ्यांना कामं सांगितली. काय करते आहे ते बाईंना मोठ्यानं सांगत राहिले. पाय छातीशी दाबून धरायला पिठाचे हातही लागले. मुलगी झाली. हात थोडा लुळा होता, आता हलवते. बाईंना अंगावरून जास्त गेलं नाही, मी स्वतः पुन्हा पुन्हा बघितलं.

सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकं बोलता हे माहीत नव्हतं."

आईचा राग येतो का, असं तुला विचारायचं असेल. येतो. आणि ती त्या टेबलापाशी एकटी उभी असलेली दिसते, तेव्हा जात नाही, पण कमी होतो. तिनं तोरुनला परत आणलं, हेही खरंच ना? तिनं तुझ्याकडून शब्द घेतला, ते मात्र मी माफ करत नाही. तो शब्द माझ्या नावावर घेतला होता आणि मला विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत प्रसूतिगृहातली ती खोली आहे. तुला यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी मी दुसरं कारण शोधणार नाही.

तुझी,
योरिद


बर्गन, २ फेब्रुवारी

प्रिय योरिद,

एप्रिलमध्ये, समुद्र जरा शांत झाल्यावर येईन. तोरुनला सांगितलं नाही. तिला सुट्टी काढून माझ्यामागे यावंसं वाटेल आणि मला ते नको. मावशीच्या थडग्यावर जायचं की नाही, ते तिथं आल्यावर ठरवीन. पेत्राला भेटायचं आहे, तिला माझं नाव सांगून ठेव.

त्या खोलीत मात्र मला जायचं आहे. खिडकी तिथंच आहे का ते बघायचं आहे. मी आधी म्हणेन की मला एकटीनं जायचंय, तू बाहेर थांब. मी तसं म्हणेनच, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तू थांबू नकोस. मी बोलावलं नाही तरी आत ये.

तुझी,
ऑशिल